टाकी लख्ख धुतली, मग मासे का मेले?



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना सारखं सांगत असतो, आधी नीट बघा, मग अंदाज बांधा, मग तो पडताळून पाहा. आमच्याच घरात चार मासे मेले तेव्हा मी यातलं काहीच केलं नाही. पाच मिनिटांत गुन्हेगार ठरवून मोकळी झाले, आणि तो गुन्हेगार म्हणजे माझी तिसरीतली लेक. "तूच जास्त खाऊ टाकला असणार," असं मी तिला सगळ्यांसमोर बोलले. ती रडत रडत आत गेली. पुढे काय निघालं ते सांगण्यासाठी हा लेख. ज्यांच्या घरी किंवा वर्गात माशांची टाकी आहे त्यांना तर उपयोग होईलच, पण टाकी नसली तरी वर्गात घेण्यासारखी गोष्ट आहे.

आमची टाकी दोन फुटी. लांबी ६० सेंमी, रुंदी ३० सेंमी आणि पाण्याची उंची ३० सेंमी. गुणाकार केला की ५४,००० घन सेंमी, म्हणजे ५४ लिटर. तळाच्या खडीची जागा वजा केली तर खरं पाणी साधारण ४८ लिटर. (हा आकडा पुढे लागणार आहे.) त्यात दहा मासे होते: चार गोल्डफिश, चार मोली आणि दोन गोरामी. एवढ्या टाकीला ही संख्या जास्तच आहे, हे आता कळतंय. तरीही १४ महिने सगळं सुरळीत चाललं होतं.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी आपल्याकडे घर धुऊन काढतात. गोधड्या, भांडी, माळा सगळं. मीही पदर खोचला आणि त्या झपाट्यात माशांची टाकीही घेतली. मासे बादलीत काढले. सगळं पाणी ओतून दिलं. काचा मिठाने घासल्या. खडी परातीत घेऊन उकळत्या पाण्याने दोनदा धुतली. फिल्टरमधला स्पंज तपकिरी, बुळबुळीत घाणीने भरला होता, तो नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळला आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत घातला. संध्याकाळी सगळं परत जोडलं. टाकी इतकी लख्ख दिसत होती की मी फोटो काढून भावजयीला पाठवला.

सोमवारी मासे मजेत. मंगळवारी जरा सुस्त, खाऊचे दाणे तळाशी पडून राहिलेले. बुधवारी सकाळी एक मोली मेलेली. गुरुवारी दुसरी मोली आणि एक गोरामी. शुक्रवारी एक गोल्डफिश. उरलेले सहा वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते.

घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, अमावास्या जवळ आली आहे आणि तू तो फोटो पाठवलास, दृष्ट लागली. मुलीचे बाबा म्हणाले, नळाच्या पाण्यात औषध जास्त पडलं असणार. शेजारच्या काकू म्हणाल्या, खोलीतल्या डासांच्या लिक्विडचा वास. मी तळाशी पडलेले दाणे बघितले आणि लेकीवर घसरले. खाऊ घालायचं काम तिचं, दाणे उरलेले डोळ्यांसमोर, म्हणजे तिने जास्त टाकले. किती सोपं!

शनिवारी सकाळची शाळा होती. चौथीच्या वर्गात मी हे गोष्टीसारखं सांगितलं. लेकीचं नाव घेतलं नाही, शेवटही सांगितला नाही, कारण मलाच माहीत नव्हता. मुलांनी धडाधड उत्तरं दिली, पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ते मासे वर्षभर जगले ना? मग त्या आठवड्यात काय वेगळं केलं तुम्ही?"

खरं सांगते, मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. खाऊ तर रोजचाच होता.

मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. एकात 'आधीपासून तसंच', दुसऱ्यात 'त्या आठवड्यात बदललं'. डासांचं लिक्विड जुलैपासून त्याच बोर्डावर होतं, पहिल्या रकान्यात गेलं. (तरीही मी ते आता दुसऱ्या खोलीत नेलं आहे. या लिक्विडमधली, कॉइलमधली आणि फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना फार घातक असतात, आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडत असतो. घरात पेस्ट कंट्रोल करणार असाल तर पंप बंद करून टाकी नीट झाकायला विसरू नका.) नवीन मासा पाच महिन्यांत आणला नव्हता, म्हणजे बाहेरून रोग येण्याची शक्यता कमी. अंगावर पांढरे ठिपके, झडलेले पंख असंही काही नव्हतं. अमावास्येचं एका मुलाने परस्पर निकालात काढलं. टाकी १४ महिन्यांची, म्हणजे १४ अमावास्या येऊन गेल्या, तेव्हा कोणी मेलं नाही. सासूबाईंना घरी येऊन हे सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग फोटोचं काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं!

दुसऱ्या रकान्यात फक्त रविवारची साफसफाई उरली. पण साफसफाईने मासे मरतात हे कोणाला पटेल? मुलांना पटलं नाही, मलाही नाही. म्हणून पाण्याच्या औषधाकडे आधी वळलो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक असायला हवं, म्हणजे वाटेत जंतू मिसळले तर मरतील. आपल्याला ते चांगलं, पण माशांचे कल्ले त्याने भाजतात. गावाकडे विहिरीत टीसीएल पावडर टाकतात त्या दिवसाचं पाणी तर माशांना अजिबात चालत नाही. पण क्लोरीनने मासे मेले तर ते कधी मरतील? पाणी बदलल्यावर काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि बहुतेक सगळे एकदमच. आमचे मासे सोमवारी मजेत होते. शिवाय आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, टाकीत भरलेलं पाणी उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलेलं होतं. तेवढ्या वेळात साधं क्लोरीन उडून जातं. त्यामुळे मुलीच्या बाबांचा संशय गेला. (दुकानात क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात. घाई असेल तर ते वापरा, नाहीतर उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेलं पाणी पुरतं.)

मग ऑक्सिजन. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात म्हणजे श्वास कमी पडतोय, हे मुलांनीही ओळखलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात रात्री लाइट गेली, पंप बंद पडला आणि सकाळी मासे मेलेले, असं पुष्कळ घरांत होतं. पण आमच्याकडे त्या आठवड्यात लाइट गेली नव्हती, पंप चालू होता. आणि एक मोठा साक्षीदार म्हणजे गोरामी. या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास इंद्रिय असतं, तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला असता तर गोरामी सगळ्यात शेवटी गेला असता. तो गुरुवारीच गेला. म्हणजे पाण्यात हवा होती, पण ती घेणारे कल्ले बिघडले होते. वर येऊन धापा टाकणं हे लक्षण दोन्हींत सारखंच दिसतं, त्यामुळे इथे खूप जण फसतात, जास्तीचा पंप आणतात आणि मासे मरतच राहतात.

इथपर्यंत वर्गात आलो. दुपारी शाळा सुटल्यावर मी रंगीत माशांच्या दुकानात जाऊन पाणी तपासायचा संच आणला. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि येणारा रंग तक्त्याशी जुळवायचा. लेकीलाच करायला दिलं. अमोनियाचा रंग पिवळा राहायला हवा होता, तो गर्द हिरवा आला. तक्त्यावर लिटरमागे ४ मिलिग्रॅम. पीएच ८.२. नायट्राइट शून्य. मग तिनेच सुचवलं, पिंपातलं पाणीही तपासू. त्यात अमोनिया शून्य. म्हणजे अमोनिया बाहेरून आला नव्हता, टाकीतच तयार झाला होता.

आता गोष्टीचा मुख्य भाग, जो मला डी.एड.ला असताना कोणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल तर माझं लक्ष नव्हतं.

मासे खातात, आणि अन्नातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. गंमत म्हणजे तो मुख्यतः कल्ल्यांमधून बाहेर पडतो. उरलेला खाऊ, विष्ठा, सडलेली पानं यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत-तळ्यात पाणी अफाट असतं, टाकीत ४८ लिटर. मग १४ महिने मासे जगले कसे? कारण टाकीत त्यांच्याबरोबर आणखी कोणीतरी राहत होतं. काही जीवाणू अमोनिया वापरून नायट्राइट बनवतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, ते माशांच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सहन करतात, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की तेही कमी होतं. शेतात युरिया टाकल्यावर मातीत हेच जीवाणू काम करतात. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते मातीतून वेगळे करून दाखवले.

आणि हे जीवाणू राहतात कुठे? पाण्यात फारसे नाहीत. ते कुठेतरी चिकटून राहतात. खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये, जिथून पाणी सतत वाहतं. ती तपकिरी बुळबुळीत घाण, जी मी नाक मुरडून नळाखाली पिळून काढली, ती बऱ्याच अंशी तेच होते. खडीवरचे उकळत्या पाण्याने गेले, काचेवरचे मिठाने घासून, स्पंजमधले नळाच्या क्लोरीनने, आणि त्यातूनही कोणी वाचलं असेल तर उन्हाने. गोधडीला जे करतो तेच मी टाकीला केलं होतं.

पहिल्या तपासणीत नायट्राइट शून्य आलं होतं, ते आधी मला चांगलं लक्षण वाटलं. प्रत्यक्षात तो पुरावा होता. अमोनिया भरपूर असूनही नायट्राइट तयार होत नाही, याचा अर्थ पहिल्या पायरीचे कामगारच जागेवर नाहीत.

पण अजून लेकीचा प्रश्न राहिला होता. तिने जास्त खाऊ घातला होता का? हे आम्ही गणिताने तपासलं, आणि हे गणित पाचवी-सहावीला सहज देता येईल. खाऊचा १०० ग्रॅमचा डबा शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, जूनच्या मध्यावर आणला होता. सप्टेंबर संपत आला तेव्हा डबा जेमतेम संपत होता. शंभर दिवसांत १०० ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे १ ग्रॅम. पोरीने एकदाही हात सैल सोडला नव्हता. डब्यावर प्रथिनं ४० टक्के लिहिलेली. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाऊत ०.४ ग्रॅम प्रथिनं, आणि त्यात ०.०६४ ग्रॅम, म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात आला असं धरलं तरी ३२ मिलिग्रॅम. ४८ लिटरने भागा. रोज लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. रविवार संध्याकाळ ते शुक्रवार, सहा दिवस. गुणाकार केला तर चारच्या आसपास येतो. तपासणीत चारच आला होता! अंदाजाचं गणित आहे, इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोग, पण प्रमाण बरोबर निघालं. रोजचाच खाऊ, रोजचाच अमोनिया, फक्त तो खाणारे जीवाणू नव्हते. म्हणूनच पहिले दोन दिवस काही झालं नाही आणि बुधवारपासून एकेक मासा जाऊ लागला. विष साठत होतं.

मग तळाला पडलेले दाणे? मासे आजारी पडले की खाणं सोडतात. दाणे उरले म्हणून मासे आजारी पडले नव्हते. मासे आजारी होते म्हणून दाणे उरले होते. मी कारण आणि परिणाम उलटे लावले होते, आणि त्यावर एका आठ वर्षांच्या मुलीला बोल लावला होता.

पीएचबद्दल दोन ओळी, कारण आपल्या भागात ते महत्त्वाचं आहे. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो, त्याची दोन रूपं असतात. पीएच ७ असेल तर घातक रूप शंभरात एक भागसुद्धा भरत नाही. आमच्या क्षारयुक्त पाण्यात, पीएच ८.२ आणि २८ अंश तापमानाला, तेच शंभरात दहाच्या आसपास जातं. त्यामुळे एखाद्याच्या टाकीत ४ मिलिग्रॅमला मासे तग धरतील आणि दुसऱ्याच्या टाकीत तेवढ्यालाच मरतील. 'आमच्याकडे तर असंच धुतात, काही होत नाही' असं कोणी म्हणालं तर ते खोटं बोलत असतीलच असं नाही.

उपाय काय केला? त्याच संध्याकाळी निम्मं पाणी बदललं, अर्थात मुरवलेल्या पाण्याने. खाऊ दोन दिवस पूर्ण बंद, नंतर चिमूटभर. रविवारी पुन्हा एक तृतीयांश पाणी बदललं. आमच्या शाळेतल्या एका सरांकडे जुनी टाकी आहे, त्यांच्या फिल्टरमधला न धुतलेला स्पंज अर्धा कापून आणला, पाण्यात बुडवून, डब्यातून, गाडीवरून. पानाफुलांचं कलम आणतात तसं. सहा मासे वाचले.

रोजची तपासणी लेक करायची आणि आकडा मी वर्गात फळ्यावर लिहायचे. मुलांनी चौकटीच्या वहीत आलेख काढला. अमोनिया हळूहळू उतरला. दहा-बारा दिवसांनी नायट्राइट वर चढलं, तेव्हा वर्गात "अरे बापरे" झालं, पण ज्यांना गोष्ट कळली होती त्यांनीच बाकीच्यांना समजावलं की पहिले कामगार आले, दुसरे यायचेत. तेवढ्यात पुन्हा थोडं पाणी बदललं. महिनाभरात दोन्ही आकडे शून्यावर आले. नवीन टाकी सुरू करतानाही साधारण चार ते सहा आठवडे याच क्रमाने जातात. आपण मात्र वाढदिवसाला सकाळी टाकी आणतो आणि संध्याकाळी त्यात दहा मासे सोडतो. पहिल्याच महिन्यात मासे मरतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष जातो दुकानदाराला किंवा पोराला.

स्पंज धुवायचाच नाही का? धुवायचा, पण टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका पिळायचा आणि लगेच परत बसवायचा. खडी आणि स्पंज एकाच दिवशी कधीच नाही. पाणी आठवड्याला पाव भाग बदलायचं, सगळं नाही.

एक चूक अजून सांगायची राहिली. मेलेले मासे मी लगेच कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले. खरं तर आधी पांढऱ्या ताटलीत ठेवून नीट बघायला हवं होतं. कल्ले लाल आहेत की तपकिरी, अंगावर ठिपके, जखमा, पोट फुगलेलं आहे का. नायट्राइटने मेलेल्या माशाचे कल्ले तपकिरी दिसतात, गोगलगाईंसारखे चिकट दिसले तर वेगळी शंका येते. मुलांना याची भीती वाटत नाही, आपल्यालाच वाटते. फोटो तरी काढून ठेवावा.

वर्गात पुढे काय झालं तेही सांगते. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, त्यामुळे पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या असतात. एका मुलाने विचारलं, तिथे तर फिल्टर नाही, मग? मग आम्ही तेच रकाने पुन्हा काढले. पाणी कमी कधी असतं, सांडपाणी कधी मिसळतं, मासे एकदम मरतात की एकेक, सकाळी दिसतात की दुपारी. सकाळचा मुद्दा महत्त्वाचा, कारण सांडपाणी कुजवणारे जीवाणू रात्रभर ऑक्सिजन वापरतात, पाण्यातली शेवाळंही अंधारात ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. नदीचं उत्तर आम्हाला मिळालं नाही, चौथीच्या वर्गात मिळणारही नाही. पण मुलं आता बातमी ऐकली की आधी विचारतात, "किती वाजता सापडले?"

लेकीची मी माफी मागितली, सासूबाई आणि तिचे बाबा समोर असताना, कारण ओरडलेही सगळ्यांसमोरच होते. तिने लगेच माफ केलं असं नाही. दोन दिवस खाऊ घालायला गेलीच नाही, "तूच घाल" म्हणाली. आता टाकीशेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. तारीख, खाऊ, पाणी किती बदललं, आणि 'काय वेगळं केलं' असे रकाने तिनेच आखलेत. पहिल्या ओळीत तिच्या अक्षरात लिहिलं आहे, 'रविवार, आईने सगळं धुतलं.' मागच्या आठवड्यात मोलीला पिल्लं झाली, ती मोजायचं काम चालू आहे. काल तेरा होती, आज अकराच सापडली. बाकीची दोन कुठे गेली याचा तपास लागला की कळवते.